पातेल्याचं कांबळं

वीस लिटर पाणी उकळायला किती वेळ लागतो, हे गणित मी शाळेत वर्षानुवर्षं पोरांना घातलं. उत्तर फळ्यावर यायचं, खाली दोन रेघा मारायच्या, विषय संपला. खरं उत्तर मला रिटायर झाल्यावर, स्वतःच्या ओट्यापाशी उभं राहून मिळालं. ते असं की काही सांगता येत नाही. पंखा चालू आहे का, खिडकी उघडी आहे का, खालच्या मजल्यावरचे गीझर चालू आहेत का, आणि तुमच्या नवऱ्याने गोळी किती वाजता घेतली, या सगळ्यावर ते अवलंबून असतं.

माझा नवरा घरी बिअर करतो. हे वाक्य मी आधी कुणासमोर बोलत नसे. गंगापूर रोडला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, शेजारी सत्संगाला जाणारी माणसं, आणि आमच्या किचनमधून येणारा तो मोडाच्या जवाचा गोडसर वास. विचारलं की मी सांगायची, सत्त्व करतोय. कायद्याचं कुणी विचारलं तर मी अजूनही गप्पच बसेन. महिन्या-दोन महिन्यांनी वीसेक बाटल्या, त्यातल्या अर्ध्या यांच्या जुन्या दोस्तांच्या घशात. "अहो, द्राक्षांच्या गावात राहता, तर निदान वाइन तरी करा," असं मी डिवचायची. हे म्हणायचे, "द्राक्ष आपलं आपण आंबतं. त्यात माणसाने काय केलं?"

हे आयुष्यभर देवळाली कॅम्पात वर्कशॉपमध्ये होते. तोफांचे सुटे भाग तासणं, जोडणं, आणि नव्या पोरांना ते शिकवणं. त्यामुळे बिअरसुद्धा तशीच. जव भरडून बेताच्या गरम पाण्यात तासभर भिजवायचा, तापमान काट्यावर. मग कापडाची पिशवी उचलून चोथा काढायचा, उरलेलं पाणी, मी त्याला काढा म्हणते, उकळी आणून तासभर खळखळ उकळायचा, आणि ठरलेल्या मिनिटांना त्यात हॉप्स टाकायचे. हॉप्स म्हणजे एका वेलाची कडू फुलं, कुरियरने येतात, वास थोडा झेंडूच्या चुरगळलेल्या पानासारखा. मग पटकन गार करून यीस्ट. प्रत्येक पायरीची वेळ एका लांबट वहीत लिहायची. अक्षर असं की वही शाळेत न्यावी आणि पोरांना दाखवावी.

मग यांना कंपवात झाला. आधी उजव्या हाताचा अंगठा, मग हात, मग चाल. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गोळ्यांनी आम्हाला एक नवीन घड्याळ दिलं. सकाळी नऊची गोळी अर्ध्या-पाऊण तासाने लागू होते आणि त्यानंतर साधारण तीन तास हे आपले जुने असतात. शर्टाची बटणं लावतात, भाजी चिरतात, माझ्याशी वाद घालतात. साडेबारा-पाऊणच्या सुमाराला पाय जड व्हायला लागतात, आणि बोटं दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी वागतात. पुढची गोळी घेतली तरी ती लागेपर्यंतचा तास वाया.

बिअर करायची तर स्वतःच्या हाताने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, हा यांचा हट्ट. आधीचं पाणी तापवण्यापुरती मला परवानगी होती. "तू हॉप्स टाकलेस तर ती तुझी बिअर झाली. मग मी काय, गिऱ्हाईक?" असं म्हणायचे. आणि गणित तीन तासांत बसत नव्हतं. भिजवणीचा एक तास, उकळीचा एक तास, हे कमी करता येत नाहीत. गार करायला आणि यीस्ट घालायला वीस मिनिटं. उरली चाळीस. आणि आमच्या पातेल्याला उकळी यायलाच सव्वा तास लागायचा.

तुम्ही म्हणाल, मोठा हीटर लावा. लावला. किचनचा एमसीबी पडला. आमच्या बिल्डिंगचं वायरिंग जुनं, दुपारपर्यंत व्होल्टेज मरगळलेलं. गॅसवर ठेवा म्हणाल, तर थरथरत्या हाताच्या माणसाला वीस लिटर उकळत्या पातेल्याखालच्या जाळाशी मी उभं करणार नाही. त्यावरून आमचं एकदा कडाक्याचं भांडण झालं आणि ते मी जिंकले. तर उरलं काय, पातेल्याला यांनी स्वतः भोक पाडून बसवलेली ती दीड हजार वॅटची कॉइल. ती बिचारी जीव तोडून तापायची.

आता माझा गुन्हा सांगते. त्या खेपेला साडेअकरा वाजून गेले तरी काढा नुसता कडेने बुडबुडत होता. उकळी आली असं वाटायचं, यांनी झाकण काढलं की पुन्हा शांत. हे घड्याळाकडे बघायचे, मी यांच्या हाताकडे. माझ्या आईने मला एक गोष्ट शिकवलीय, भाजी झाकायची आणि झाकणावर पाणी ठेवायचं. आमच्याकडे सगळ्याच बायका ठेवतात. वाफ आतच राहते, भाजी लवकर शिजते, वरचं पाणी गरम होतं ते रश्शाला उपयोगी. हे बाथरूमला गेले की मी पातेल्यावर थाळी सरकवायची, थाळीत तांब्याभर पाणी. हे आले की थाळी ओट्यावर. नंतर हे खुर्चीवर जरा टेकले, डोळे मिटले, तेव्हा तर मी चांगली वीस-पंचवीस मिनिटं थाळी ठेवली. खाली काय खळखळ उकळी! मला वाटलं, जिंकलं. इतकी वर्षं विज्ञान शिकवलंय मी, काय थट्टा आहे.

तीन आठवड्यांनी बाटली उघडली. कंपवाताने यांचं नाक आधीच गेलंय, हॉप्स आणि हिंग यांना आता सारखेच. म्हणून ग्लास माझ्या नाकाशी धरला. मला वास आला, ओळखीचा वास, पण नाव आठवेना. मी म्हटलं, "छान झालीय." तेवढ्यात आमच्या कामवाल्या ताई फरशी पुसायला आत आल्या. त्या पेठ रोडवरच्या गावातून रोज एसटीने येतात, मनात आलं ते बोलून मोकळ्या होतात. "मका उकडलाय का बाई? लय वास येतोय."

मक्याचाच वास होता. उकडलेल्या कणसाच्या पाण्याचा. यांनी माझ्याकडे बघितलं, मग ग्लासकडे. सगळ्या बाटल्या एकेक करून मोरीत ओतल्या. मी धरू लागले तर म्हणाले, "राहू दे." शेवटची ओतून झाल्यावर म्हणाले, "माझंच चुकलं. नाक नाही, हात नाही, उगाच नाटक कशाला. बंद." आणि मला स्टुलावर चढवून पातेलं माळ्यावर ठेवायला लावलं.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. नंतर शोधून वाचलं तेव्हा कळलं की मोडाच्या जवात एक वास दडलेला असतो, तो उकळताना वाफेबरोबर निघून जायला हवा, म्हणून पातेलं उघडं ठेवायचं. झाकण ठेवलं की वाफेचं पाणी होऊन तोच वास परत खाली टपकतो. आणि मी तर वर गार पाणी ठेवून टपकायची उत्तम सोय केली होती. मला स्वतःची लाज वाटली. यांनी बिअर सोडली याचं दुःख कमी, पण माझ्या चुकीवर यांनी स्वतःचं नाव लिहिलं, हे मला रात्रंदिवस टोचत होतं.

यांना संध्याकाळी व्यायामाच्या वर्गाला सोडून आले की मला दीड तास मिळायचा. एके दिवशी मी पातेलं माळ्यावरून उतरवलं. वीस लिटर साधं पाणी, कॉइल चालू, आणि मी वही-पेन्सिल घेऊन समोर. म्हटलं, वाफ वरून जायलाच हवी, ते कबूल. पण मग बाकीची उष्णता जाते तरी कुठे? आठवीच्या पोरांना लोखंडी सळईवर मेणाचे थेंब लावून दाखवायची, एक टोक तापवलं की थेंब ओळीने गळतात. तेच केलं. मेणबत्तीचे ठिपके पातेल्याला बाहेरून लावले. पाणी तापायला लागलं तसे ठिपके सगळीकडून ओघळले. अख्खं पातेलं म्हणजे एक शेगडीच होती, आणि आम्ही त्यावर आमचं किचन शेकत होतो. वर पंखा! हे घामाघूम होतात म्हणून मीच तो पाचवर लावायची.

पंखा बंद केला, पाच मिनिटं वाचली. माझा विश्वासच बसेना. पुन्हा करून बघितलं, तेवढीच. मग मला चेव आला.

दुसऱ्या दिवशी गोधडी गुंडाळली. फरक चांगला पडला, पण पातेल्याच्या खालच्या तोटीजवळ पाणी झिरपून गोधडी ओली झाली, आणि ओली गोधडी म्हणजे पातेल्यावर ठेवलेल्या गार पाण्याच्या घड्या. शिवाय तिचा वास! मग भावाला फोन केला. त्याची मखमलाबादकडे भाजी आणि थोडी द्राक्षं आहेत, पॅकिंगचं सामान पडलेलं असतं. त्याने थर्माकोलच्या पेट्या दिल्या. "ताई, आता काय धंदा काढलास?" म्हणाला. मी म्हटलं, "पातेल्याला थंडी वाजते." थर्माकोलने आधी कमाल केली आणि उकळी जवळ आली तशी मान टाकली, आकसून पातेल्याला असं चिकटलं की सुरीने खरवडावं लागलं. मग त्यानेच दिलेला चंदेरी फुग्यांचा कागद. त्याचे आतले फुगे गरमीने फुस्स करून बसले. रोज वीस लिटर गरम पाणी होत होतं, ते मी चादरींना, पडद्यांना, पायपुसण्यांना वापरत होते. कामवाल्या ताई म्हणाल्या, "बाई, घरात काय लगीन हाय का?"

सातव्या की आठव्या दिवशी हे लवकर परतले. वर्ग रद्द झाला होता, कुणीतरी स्कूटरवर सोडलं. मी पातेल्याला सुतळीने चंदेरी कागद बांधत होते, केसात मेण. पकडली गेले. हे दारात काठीवर रेलून बघत होते. मला वाटलं, आता भडकणार.

"असं बांधतात?" म्हणाले. "गाठ बघ ती. बकरी तरी बांधली असती का तू त्या गाठीने?"

मी अशी चिडले! आठ दिवस मर मर मरतेय आणि हे गाठीची चूक काढतात. "मग तुम्ही बांधा!" म्हटलं. हे आले, खुर्ची ओढली, माझी वही मागितली. सगळे आकडे बघितले. पंखा, गोधडी, थर्माकोल, कागद. हा माणूस महिनाभर खिडकीबाहेर बघत बसला होता, त्याने पेन्सिल मागितली. मला आनंद झाला आणि तो लपवायला मी चहा टाकला.

"लोकर लागेल," हे म्हणाले. "लोकर ओली झाली तरी आतली ऊब सोडत नाही. पटकन पेटतही नाही. तोफखान्यातली माणसं उगाच नाही ते कांबळं पांघरत." आणि आम्ही दोघांनी एकदमच कपाटाच्या वरच्या कप्प्याकडे बघितलं.

ते कांबळं राखाडी, जाड, अंगाला टोचणारं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात कॅम्पाच्या बाजारातून घेतलेलं. तेव्हा आमच्याकडे एकच होतं, त्यामुळे भांडण झालं तरी रात्री एकाच पांघरुणात झोपावं लागायचं. मी म्हटलं, "त्याला कात्री लावायची नाही." हे म्हणाले, "मग कपाटाला उबदार ठेवतंय का ते?" दोन दिवस वाद चालला. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला, गोळी लागू झाल्यावर, हे कांबळं जमिनीवर पसरून खडूने खुणा करत होते. मी बघितलं, यांचा खडू सरळ जात होता. मी मोठी कात्री आणून दिली.

दोन पदर लोकरीचे, बाहेरून चंदेरी कागद म्हणजे सांडलेलं ओघळून जाईल. तोटीला एक भोक, कॉइलच्या वायरीला दुसरं. सुतळी नाही, अंथरूण बांधायच्या जुन्या होल्डॉलचे पट्टे, बकलं लावून. रोज साडेनऊ ते साडेबारा एवढंच काम. बाहेरून मी मेणाचे ठिपके लावले. पाणी उकळलं तरी ठिपके जागच्या जागी, फक्त तोटीजवळचा एक ओघळला. यांनी तिथे लोकरीचं एक कडं शिवून बसवलं. सुई ओवायला मला दिली, टाके स्वतः घातले.

मग खऱ्या बिअरचा दिवस. नऊला गोळी. पाणी मी आधीच तापवून ठेवलेलं. नऊ चाळीसला यांनी बोटं उघडून-मिटून बघितली आणि म्हणाले, "चल." जव पाण्यात गेला. दहा चाळीसला पिशवी वर, कॉइल चालू, उकळीपर्यंत झाकण. इथपर्यंत झाकण चालतं, ते आता मला पक्कं ठाऊक होतं. माझा जीव टांगणीला. मी दर दोन मिनिटांनी थर्मामीटर बघत होते, शेवटी हे म्हणाले, "अगं, बघून बघून तू त्याला लाजवशील."

अकरा चोवीसला उकळी आली. चव्वेचाळीस मिनिटं. यांनी झाकण काढलं. इथेच उकळी नेहमी मरायची. काढा जरासा दबला, मग मधोमध एक फुगवटा आला, आणि खळखळ सुरू झाली ती थांबेचना. वाफ खिडकीतून सरळ बाहेर. सगळ्या किचनला त्या कणसाचा वास आला आणि दहा मिनिटांत निघूनही गेला. हॉप्स यांनी तीनदा टाकले, तिन्ही वेळा स्वतः, एक फूल इकडेतिकडे न सांडता.

दुसऱ्या हॉप्सनंतर मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, मागच्या वेळी थाळी मी ठेवली होती. झाकणावर पाणी. तुमचं काही चुकलं नव्हतं."

"माहीत आहे," हे म्हणाले. हातातला डाव पातेल्यावरून हलला नाही.

"माहीत आहे म्हणजे?"

"ओट्यावर गरम थाळी होती. थाळीत गरम पाणी. मी आयुष्यभर पोरांच्या चुका शोधायची नोकरी केलीय, आणि तुला वाटलं मला झोप लागली." मग स्वतःची लांबट वही माझ्याकडे सरकवली. "मागचं पान बघ."

ते पान मी आधीही बघितलं होतं. वर नेहमीचं ठसठशीत अक्षर, आणि खाली खाली जाता ते बारीक होत गेलेलं, शेवटच्या दोन ओळी मुंगीच्या पायांसारख्या. गोळी उतरली की यांचं अक्षर असं होतं. मला वाटायचं, हॉप्सचं काही असेल, वाचायचे कष्ट मी घेतलेच नव्हते. आता शाळेतलं भिंग आणलं. लिहिलं होतं: झाकण तिने ठेवले. बाटल्या वाया जाणार. बोलायचे नाही.

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. "मग तुम्ही स्वतःचं नाव का घेतलंत?" मी ओरडलेच.

"झाकणाशिवाय तीन तासांत होत नव्हतं," हे म्हणाले. "कधीतरी थांबावंच लागणार होतं. मग तुझ्या नावावर कशाला थांबायचं?" आणि घड्याळ बघून म्हणाले, "सरक, शेवटचे हॉप्स."

बारा चोवीसला कॉइल बंद. गार केलं, यीस्ट घातलं, पावणेएक. यांनी वहीत लिहिलं, उकळी चव्वेचाळीस मिनिटं, झाकण नाही. शेवटचे दोन शब्द जरा बारीक झाले होते, पण भिंग लागलं नाही. ती बिअर चांगली झाली. ताईंना वास दिला, तर म्हणाल्या, "आता नाय येत मक्याचा. आता कडू येतोय."

याला वर्ष होऊन गेलं. मधे पाच वेळा बिअर झाली. मागच्या खेपेला मी वहीत बघितलं, शेवटच्या ओळीला भिंग लागलं. गोळी आता तीन तास पुरत नाही, अडीच-पावणेतीन. मंगळवारी मी बसने देवळालीला गेले आणि कॅम्पाच्या बाजारातून एक कांबळं घेऊन आले, पहिल्यापेक्षा जाड. यांनी विचारलं तर सांगितलं, यंदा थंडी जास्त आहे, पांघरायला आणलं.

यांनी ते हातात घेतलं, दोन बोटांत धरून जाडी बघितली, आणि म्हणाले, "खडू कुठे ठेवलायस?"